सगळ्यात खालचं मडकं

ग्रंथालयाच्या बाईंनी लाल पेनाचं टोपण दातांनी ओढून काढलं आणि भिंगरीच्या कागदावरच्या ‘असे सर्वजण म्हणतात’ या तीन शब्दांवर आडवी रेघ मारली. रेघ इतकी दाबून मारली की पुढच्या पानावरही तिचा व्रण उमटला.

“सर्वजण म्हणजे कोण?” त्यांनी विचारलं. “पत्ता दे त्यांचा. आपण जाऊन भेटू.”

वर्ग हसला. भिंगरीही हसली, पण तिचे कान तापले. ती एका जागी बसत नाही म्हणून आजोबांनी तिला हे नाव ठेवलं होतं आणि ते तिच्या आधी शाळेत पोचलं होतं. ती हुशार होती आणि गेल्या काही महिन्यांत तिला हे स्वतःलाही कळलं होतं, त्यामुळे लाल रेघ तिला आता पूर्वीपेक्षा जास्त झोंबत असे.

दर शनिवारी शेवटचे दोन तास बाई शेवटच्या वर्गाला कॉलेजची पूर्वतयारी करून घेत. हा विषय परीक्षेला नव्हता, त्यामुळे मुलांनी ते तास डबा खायला राखून ठेवले होते. बाईंनी पहिल्याच शनिवारी तो बेत हाणून पाडला. पुस्तक मागच्या सूचीपासून कसं वाचायचं, तळटीप का ओलांडून जायचं नाही, लिहिणाऱ्याचं नावच नसलेल्या मजकुराकडे दारात उभ्या अनोळखी माणसासारखं कसं बघायचं, हे सगळं त्या दटावून शिकवत. कोणी काहीही सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला: कुठून कळलं? म्हणून त्या ‘कुठूनबाई’. हे नाव त्यांना ठाऊक होतं. ते कोणत्या बाकावरून निघालं, हेही त्यांनी शोधून काढलं होतं.

माहितीची उतरंड असते, असं त्या म्हणत. वरचं मडकं खालच्यावर टेकलेलं, ते त्याच्या खालच्यावर. आपण वरचं चकचकीत मडकं बघून खूष होतो. बाईंना सगळ्यात खालचं हवं असायचं. पाच पुस्तकांत एकच गोष्ट लिहिली आहे असं एक मुलगा ऐटीत म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडून ती पाचही पुस्तकं टेबलावर मांडून घेतली. दुसऱ्यानं पहिल्यातून उतरवलं होतं, तिसऱ्यानं दुसऱ्यातून. हे पाच साक्षीदार नव्हेत, बाई म्हणाल्या, एकच साक्षीदार पाच वेळा बोलला आहे. कॉलेजात तुम्हाला हे कोणी समजावणार नाही, सरळ कागद परत करतील.

त्या शनिवारी त्यांनी वीस गुणांचा प्रकल्प दिला. आपल्या गावाबद्दल छापून आलेलं कोणतंही एक वाक्य घ्यायचं आणि उतरंड उतरत त्याच्या मुळाशी जायचं. एकानं घड्याळाच्या मनोऱ्याची उंची घेतली, एकीनं पहिल्या दवाखान्याची तारीख. भिंगरीची पाळी आली तेव्हा तिनं बाकावर उभं राहिल्यासारखं ताठ होऊन वाक्य वाचून दाखवलं.

‘भर दुपारी पहारेकरी झोपी गेल्याने बंधाऱ्याचे दरवाजे वेळेवर उघडले गेले नाहीत.’

वर्गातली चुळबुळ थांबली. त्या पुरात खालची गल्ली वाहून गेली होती आणि सहा माणसं गेली होती. तो पहारेकरी म्हणजे भिंगरीचे आजोबा, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

बाईंनी पेनाचं टोपण बसवलं, परत काढलं. दुसरं वाक्य घे, असं त्या म्हणाल्या. भिंगरीनं कारण विचारलं. हे अवघड जाईल, जुने कागद मिळायचे नाहीत, असं त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. अवघड म्हणून सोडून द्यायचं, हे भिंगरीनं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. तिनं यादीत स्वतःच्या नावापुढे तेच वाक्य लिहिलं आणि त्याखाली तिनंही रेघ दाबून ओढली.

तिला घाई होती त्याला कारण होतं. पुराला चाळीस वर्षं होत होती आणि बंधाऱ्यापाशी नगरपालिका दगडी फलक बसवणार होती. मजकूर ठरला होता, त्यात हे वाक्य होतं. तो तपासून सही करायचं काम ग्रंथपाल म्हणून बाईंकडे होतं. एकदा दगडात कोरलं की मग ते कोण खोडणार? प्रकल्प सादर होतील त्या दिवशी फलक समितीचे अध्यक्ष पाहुणे म्हणून येणार होते. तिच्याकडे तीन आठवडे होते.

घरी या विषयावर कोणी बोलत नसे. नियम कोणी केला नव्हता, पण बाबा पाण्याच्या बातमीला रेडिओ बंद करत आणि आई पुराच्या गोष्टीला ताटं वाढायला उठे, यातून तो आपोआप तयार झाला होता. आजोबा जेवणानंतर दाराजवळच्या ताठ पाठीच्या लाकडी खुर्चीत बसत. सगळं घर दुपारी आडवं होई तेव्हा ते बसलेले असत, डोळे उघडे, हात गुडघ्यांवर. ताप असला तरी खुर्चीत. भिंगरीनं त्यांना दिवसा झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं.

रोज दोन वाजता शेजारचे काका वर्तमानपत्र मागायला येत. दारावर टकटक करून ते मोठ्यानं म्हणत, “जागे आहात ना, दरवाजेवाले?” आणि स्वतःच हसत. आजोबा वर्तमानपत्राची घडी पुढे करत. काका मनानं वाईट नाहीत, असं आई म्हणे. लहानपणी भिंगरीला वाटायचं, हा त्या दोघांचा खेळ आहे. तो फक्त एकाचाच खेळ आहे हे कळल्यापासून दोन वाजले की तिच्या दातांवर दात बसत.

ती कामाला लागली. नगरपालिकेच्या माहितीपुस्तिकेत ते वाक्य होतं, आणि तळटीप होती गावाच्या इतिहासग्रंथाची. इतिहासग्रंथानं ते वर्तमानपत्राच्या पुरवणीतून घेतलं होतं. पुरवणीनं पुराच्या दहाव्या वर्षी निघालेल्या स्मरणिकेचा हवाला दिला होता. प्रत्येक ठिकाणी शब्द तेच, अगदी ‘भर दुपारी’सुद्धा. स्मरणिकेच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, संदर्भ: शाळेचे वार्षिक, पुरानंतरच्या वर्षाचे.

म्हणजे खालचं मडकं शाळेतच होतं. भिंगरी दोन-दोन पायऱ्या चढत ग्रंथालयात गेली. वार्षिकांचे खंड ओळीनं लावलेले होते, एकेक वर्ष, आणि नेमका तोच खंड नव्हता. नोंदवहीत त्याच्यापुढे शेरा होता, ‘बांधणीसाठी दिला’. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. अक्षर बाईंचं. अकरा वर्षांत काय बांधत होते, इमारत? तिनं हे बाईंना जरा सभ्य शब्दांत विचारलं. बघावं लागेल, असं म्हणून बाई परत आलेली पुस्तकं लावत राहिल्या. एक पुस्तक त्यांनी उलटं लावलं.

कागद एका जागी नसेल तर तो आणखी कोणाच्या हातातून गेला ते बघा, हे बाईंनीच शिकवलं होतं. वार्षिक ज्या छापखान्यात छापलं जाई तो अजून चालू होता. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत छापखान्याचे म्हातारे मालक तिला मागच्या खोलीत घेऊन गेले. छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत ते ठेवत. गिऱ्हाईक चुकतं आणि खापर आमच्यावर फोडतं, म्हणून. त्यांनी शिडीवर चढून धुळीनं माखलेला अंक खाली दिला.

लेख एका पानाचा होता, ‘पुराची कहाणी’. चौथ्या परिच्छेदात ते वाक्य होतं. आधी संदर्भ नाही, नंतर संदर्भ नाही, कोणी सांगितलं, कोणी पाहिलं, काही नाही. त्याच वाक्यावर लेख संपला होता, कोणी दार लावून घ्यावं तसा. वर लेखिकेचं नाव, इयत्ता आणि दोन वेण्यांचा फोटो. आडनाव भिंगरीच्या ओळखीचं नव्हतं. हनुवटी होती.

“ओळखलं नाहीस?” मालक म्हणाले. “तुमच्या ग्रंथालयाच्या बाई. लग्नाआधीच्या.”

भिंगरी घरापर्यंत चालत गेली की धावत, हे तिला नंतर आठवेना. ‘असे सर्वजण म्हणतात’ला रेघ. ‘ऐकिवात आहे’ला रेघ. एका स्वल्पविरामाला अर्धा गुण. आणि स्वतः? स्वतः एक वाक्य हवेतून काढून छापलं, ते आयुष्यभर माणसाच्या पाठीवर चिकटलं, आणि कोणी हात घालू नये म्हणून खंड बांधणीला पाठवला.

तिनं मोठा तक्ता घेतला आणि एकावर एक पाच मडकी काढली. सगळ्यात खालच्यात तिनं बाईंचं नाव लिहिलं, लग्नाआधीचं आणि नंतरचंही, हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत. शनिवारी सगळ्यांसमोर ती शेवटपर्यंत ते झाकून ठेवणार होती आणि मग विचारणार होती: बाई, कुठून कळलं?

आजोबा पाणी प्यायला आत आले आणि तक्त्याशी थांबले. चष्मा वर करून त्यांनी तळापर्यंत वाचलं. मग ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला.

“आली होती ती,” ते म्हणाले. “दोन वेण्या होत्या.”

भिंगरीच्या हातातला पेन थांबला. तीन आठवडे तिनं गावातला कागद न् कागद धुंडाळला होता. दाराजवळच्या खुर्चीतल्या माणसाला विचारावं, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

ती हळूच म्हणाली, “खोटं लिहिलंय ना तिनं?”

“नाही. झोपलो होतो मी.”

बाहेर कोणीतरी बादली ओतली. आजोबा मडक्याच्या रेषेवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, जसं आठवेल तसं. बंधाऱ्यावर दोघं आळीपाळीनं असत. दुसऱ्याची बदली झाली आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही. पहिला दिवस गेला, रात्र गेली. त्यांनी कार्यालयात निरोप पाठवला. दुसरा दिवस गेला. परत निरोप पाठवला, माणूस द्या, नाहीतर मी पडेन. तिसऱ्या दिवशी दुपारी उभ्या उभ्याच कठड्याला टेकून डोळा लागला, आणि वरून पाणी आलं. चौकशीत दोन्ही निरोप कोणाला मिळालेले नव्हते. वर्षभरानं एक शाळकरी मुलगी वही घेऊन आली. त्या आधी गावात त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. तिनं विचारलं, त्यांनी सांगितलं, तिनं सगळं लिहून घेतलं.

“पान भरलं म्हणून उलटलं तिनं,” आजोबा म्हणाले. “पाठीमागेही लिहिलं. मी पाहिलंय.”

म्हणजे मागचं पान तिनं टाकलं. भिंगरीला वाटलं होतं की याहून जास्त राग येणं शक्य नाही. शक्य होतं. ती उठली, बसली, पुन्हा उठली. शनिवारी बघाच, असं म्हणाली.

आजोबांनी पंजाएवढ्या अक्षरांवर हात ठेवला. “हे काढ. माझं नाव घेतलं लोकांनी इतकी वर्षं. कसं लागतं ते मला माहीत आहे. अजून एक कशाला?”

ती भांडली. संदर्भ अपुरा ठेवता येत नाही, हे तिनं त्यांना तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते खुर्चीत जाऊन बसले होते. शेवटी तिनं त्या नावावर कागद चिकटवला आणि वर लिहिलं, ‘शाळेतील एक विद्यार्थिनी’. डिंक पुसताना तिचे डोळे भरले ते रागानंच.

शनिवारी सभागृहात अध्यक्ष पहिल्या रांगेत बसले होते आणि बाई सगळ्यात मागे, दाराजवळ. भिंगरी एकेक मडकं उतरत खाली आली. तिचा आवाज खणखणीत होता. खालच्या मडक्यावर ती ‘शाळेतील एक विद्यार्थिनी’ म्हणाली तेव्हा तिनं दाराकडे पाहिलं. बाईंनी मान वर केली होती. मग भिंगरीनं पान उलटल्यानंतरचं सगळं सांगितलं: तीन दिवस, दोन निरोप, कठडा.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या आणि मग चष्मा पुसत विचारलं की, या शेवटच्या भागाला काही लेखी आधार आहे का? भिंगरी म्हणाली, माणूस आहे. अध्यक्ष हसले, वाईट हेतूनं नव्हे. ज्याच्यावर ठपका आहे त्याचंच म्हणणं, तेही त्याच्या नातीनं सांगितलेलं, हे दगडावर कसं कोरायचं बाळा, तुमच्या बाईच तर शिकवतात ना, सांगणाऱ्याचा हितसंबंध आधी बघा म्हणून? आणि ते बाईंकडे वळले. सगळं सभागृह वळलं.

बाई उठल्या. दाराच्या चौकटीला हात लावून क्षणभर उभ्या राहिल्या. मग बाहेर गेल्या.

भिंगरीनं तक्ता गुंडाळला नाही, चुरगाळला. त्या रात्री ती जेवली नाही. आईनं कारण विचारलं तेव्हा, गावात एकही शहाणा माणूस नाही, असं ती म्हणाली. आई म्हणाली की हे तिला लग्न होऊन आली त्या दिवशीच कळलं होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत बाईंनी तिला बोलावलं. ग्रंथालयात दुसरं कोणी नव्हतं. टेबलावर वार्षिकाचा तो हरवलेला खंड होता, बांधणी जुनीच. शेजारी फलक समितीच्या नावाचं जाडसर पाकीट, चिकटवलेलं. बाईंचे डोळे सुजलेले होते आणि आवाज नेहमीचा होता. त्यांनी तिचा प्रकल्प पुढे सरकवला.

वर लाल शाईत सतरा लिहिलं होतं. शेवटच्या पानावर ‘शाळेतील एक विद्यार्थिनी’ या शब्दांवर आडवी रेघ होती, दाबून मारलेली, आणि समासात शेरा: संदर्भ अपूर्ण. लेखिकेचे नाव गाळले आहे. उणे तीन. त्याच्याखाली बाईंनी लेखिकेचं नाव पूर्ण लिहिलं होतं, लग्नाआधीचं, कंसात नंतरचं. त्याच्याही खाली: सोबत, मुलाखतीचे मूळ टिपण, पृष्ठ दोन.

टाचणीनं एक वहीचं पान लावलेलं होतं. कडा पिवळ्या, अक्षर गोल आणि शाळकरी. वरच्या कोपऱ्यात मुलाखतीची तारीख होती. पहिलीच ओळ अर्ध्या वाक्यापासून सुरू होत होती: ‘...कारण तिसऱ्या दिवशीही बदलीचा माणूस आला नाही.’

भिंगरीनं सगळं पान वाचलं. दोन्ही निरोपांच्या तारखा होत्या. ते घेऊन गेलेल्या शिपायाचं नावसुद्धा होतं.

“हे तुमच्याकडे होतं?” तिनं विचारलं. “इतकी वर्षं?”

“होतं.”

“मग का?”

“सरांनी सांगितलं, वार्षिकात प्रत्येकाला एकच पान.” बाई थांबल्या. “ते पहिल्या वर्षीचं कारण झालं. बाकीच्या वर्षांचं माझ्याकडे नाही.”

भिंगरीच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं, ती रविवारभर आरशासमोर बोलूनही बसली होती. ते सगळं सोडून तिनं एवढंच विचारलं की पाकिटात काय आहे. दोन्ही पानांच्या प्रती, बाई म्हणाल्या, सही न केलेला मजकूर, आणि एक पत्र, नावानिशी. मग त्यांनी पेनाचं टोपण घट्ट बसवलं. भिंगरीनं आभार मानले नाहीत. बाईंनीही त्याची वाट पाहिली नाही.

सकाळची शाळा साडेबाराला सुटली. जेवणं झाल्यावर भिंगरीनं खुर्चीसमोर बसून ते पान आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, चष्म्याशिवायच लांब धरलं, उलटून पहिली बाजूही पाहिली आणि पुन्हा सुलटं केलं. गुण किती मिळाले, असं त्यांनी विचारलं. तिनं सतराची सगळी हकीकत सांगितली आणि तीन गुण कापण्याचा त्या बाईला काय अधिकार आहे, यावर बराच वेळ बोलत राहिली. आजोबांचं उत्तर आलं नाही म्हणून तिनं वर पाहिलं.

त्यांची मान खुर्चीच्या ताठ पाठीवर कलली होती. तोंड किंचित उघडं, श्वास सावकाश. पान मांडीवर होतं, त्यावर हात.

आई आतून घासलेली ताटं घेऊन येत होती. भिंगरीनं बोट ओठांवर ठेवलं. आई जिथे होती तिथेच, ताटं छातीशी धरून, उभी राहिली.

दोन वाजले. दारावर टकटक झाली. दुसरी टकटक व्हायच्या आत भिंगरी दाराशी पोचली होती आणि तिनं ते एका हाताच्या रुंदीएवढंच उघडलं. काकांनी हसायची तयारी केलेली होती.

“जागे आहात ना, दर...”

“नाही,” भिंगरी म्हणाली. “झोपलेत. उद्या या.”